दूध-पोळी, श्रावण आणि कुत्र्याचं पोट

‘‘डॉक्टर, याचं पोट फार नाजूक आहे हो. काही म्हणता काही पचत नाही.’’ कुत्रा घेऊन दवाखान्यात आलेल्या माणसाचं हे वाक्य पशुवैद्याच्या कानाला चांगलंच सरावाचं असतं. अशा वेळी औषधाची चिठ्ठी लिहिण्याआधी मी एक कोरा कागद पुढे करतो आणि गेल्या सात दिवसांत कुत्र्याच्या तोंडात काय काय गेलं ते लिहायला सांगतो. आधी उत्तर येतं, ‘‘साधंच हो, दूध-पोळी आणि मधूनमधून चिकन.’’ मग बरोबर आलेली मुलगी काही आठवून सांगते, आई त्यात भर घालते आणि यादी वाढत जाते. सकाळी आजोबांच्या चहाबरोबरची दोन बिस्किटं. आजीनं देवाच्या नैवेद्यातून काढून ठेवलेला शिरा. शनिवारी रात्रीच्या बिर्याणीतली हाडं. सोसायटीच्या वॉचमननं आपल्या डब्यातून दिलेली भाकरी. कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. दुकानदारानं फुकट दिलेलं नव्या खाद्याचं नमुन्याचं पाकीट. आठवड्याभरात पंधरा-सोळा तऱ्हा सहज निघतात. एवढ्यावर माणसाच्या पोटानंही तक्रार केली असती!

तेव्हा कुत्र्यासाठी ‘योग्य अन्न’ निवडण्याआधी, त्याचं पोट खरोखर नाजूक आहे की त्याला कुणी स्थिर राहूच देत नाही, हे पाहायला हवं. बहुतेक घरांत हा दुसराच प्रकार असतो आणि त्यावरचा उपाय दुकानात मिळत नाही.

कुत्रा लांडग्याच्या कुळातला, म्हणून त्याला फक्त मांस द्यावं, असं ठासून सांगणारे बरेच भेटतात. ते पूर्ण खरं नाही. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाचे एरिक ॲक्सेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्रा आणि लांडगा यांच्या जनुकांची तुलना ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. पिष्टमय पदार्थ पचवणारं अमायलेज नावाचं पाचक द्रव्य ज्या जनुकामुळे तयार होतं, त्याच्या लांडग्यात दोन प्रती असतात. कुत्र्यांमध्ये त्या चारपासून तीसपर्यंत आढळल्या. हजारो वर्षं माणसाच्या उष्ट्यावर राहून कुत्रा भात-भाकरी पचवायला शिकला, तो असा. मात्र आपल्या लाळेत हे पाचक द्रव्य असतं, तसं कुत्र्याच्या लाळेत जवळजवळ नसतंच. त्याचं काम सुरू होतं ते पुढे लहान आतड्यात. म्हणून भात, रताळं, बटाटा जे काही द्यायचं ते चांगलं मऊ शिजलेलं हवं. अर्धकच्चा भात तसाच बाहेर येतो आणि येताना पाणी घेऊन येतो.

आतड्यात असंख्य जिवाणूंची वस्ती असते. रोज जे अन्न येतं त्याप्रमाणे ही वस्ती घडते. अन्न एकाएकी बदललं, की तिची घडी विस्कटते, नको त्या जिवाणूंचं फावतं, वायू धरतो, शी पातळ होते. तेच बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू केले, तर बहुतेक कुत्रे मुकाट्यानं जुळवून घेतात.

आता दुधाबद्दल. मराठी घरातला कुत्रा आणि दूध-पोळी हे समीकरण इतकं घट्ट आहे, की दूध बंद करा म्हटलं तर लोकांना अपमान झाल्यासारखं वाटतं. पण पिल्लू आईचं दूध सोडू लागलं, की दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज त्याच्या आतड्यात कमी होत जातं. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते, पुढे जिवाणू ती आंबवतात आणि पोट गुडगुडायला लागतं. वाटीभर दूध जन्मभर बिनतक्रार पिणारेही कुत्रे असतात, त्यांच्याविषयी माझं काही म्हणणं नाही. ज्याची शी वरचेवर पातळ होते, त्याचं दूध मात्र आधी बंद करून पाहावं. ही सगळ्यांत स्वस्त तपासणी. आठवड्याभरात फरक पडला, तर पुढची पायपीट वाचते. दह्यात ही साखर थोडी कमी झालेली असते, त्यामुळे दोन चमचे साधं ताजं दही अनेकांना चालतं. आणि एक लक्षात ठेवा, पोट ठीक असलं तरी नुसत्या दूध-पोळीवर कुत्र्याचं पूर्ण पोषण होत नाही.

पोट बिघडण्याचा आपल्याकडचा एक खास हंगाम आहे, तो म्हणजे श्रावणाचे पहिले दिवस. आषाढ अमावास्येला, म्हणजे लोकांच्या भाषेत गटारीला, घरात मटण शिजतं. महिनाभर आता मिळायचं नाही म्हणून कुत्र्यालाही चरबी, कातडी, हाडं, रस्सा असं भरपूर वाढलं जातं. दुसऱ्या दिवसापासून घर शाकाहारी आणि त्याबरोबर कुत्राही एका रात्रीत वरण-भातावर! एकाच वेळी हे दोन धक्के. त्यातला पहिला अधिक घातक आहे. एकदम खूप चरबी पोटात गेली, की काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते. मग कुत्रा सारखा ओकतो, पाठ वाकवून उभा राहतो, पोटाला हात लावू देत नाही. हे जिवावर बेतू शकतं. रस्शातला कांदा-लसूण हे आणखी निराळं संकट. त्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. ज्यांच्या घरी श्रावण कडक पाळला जातो, त्यांनी कुत्र्याचा बदल श्रावणाच्या दहा दिवस आधीच हळूहळू सुरू करावा किंवा त्याचं खाणं वर्षभर एकच राहील अशी सोय करावी. कोरडं तयार खाद्य स्वयंपाकघरात न आणताही देता येतं, ही त्याची आपल्याकडची मोठी सोय आहे. आणि उपासाच्या दिवशी उरलेली साबुदाण्याची खिचडी कुत्र्याला घालणाऱ्यांनी त्यातलं तूप आणि शेंगदाणे आठवावेत. उपास आपला असतो, त्याचा नव्हे.

हे झालं सवयींचं. पण पुढे जाण्याआधी एक गोष्ट जरा कडक शब्दांत सांगायला हवी. पातळ शी म्हणजे प्रत्येक वेळी खाण्याचाच दोष असतो असं नाही आणि दहीभात हा प्रत्येक वेळचा उपाय नाही. लस न दिलेलं दोन-चार महिन्यांचं पिल्लू ओकायला लागलं, मलूल होऊन कोपऱ्यात बसलं, त्याला रक्ताची, उग्र वासाची शी होऊ लागली, तर तो पार्वो असू शकतो. १९७८ च्या सुमाराला जगभर पसरलेला हा विषाणू आतड्याचं अस्तरच उद्ध्वस्त करतो. उपचाराविना बहुतेक पिल्लं दगावतात. वेळेवर सलाइन आणि शुश्रूषा मिळाली तर बरीच वाचतात. ‘पोट बिघडलंय, दोन दिवस दहीभात देऊन पाहू’ म्हणून जे दोन दिवस जातात, तेच त्याच्या आयुष्याचे निर्णायक दिवस असतात. लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं निदान सोळा आठवड्यांपर्यंत द्यायची असते. एकच टोचून थांबणं पुरेसं नाही.

मोठ्या कुत्र्यातही काही खुणा दिसल्या, तर खाण्याचे प्रयोग बाजूला ठेवून सरळ डॉक्टर गाठावा. शीत भरपूर रक्त किंवा डांबरासारखी काळी शी, पाणीही न टिकणारी ओकारी, फुगलेलं पोट आणि काही बाहेर न पडणारे कोरडे उमाळे, एकाएकी आलेली सुस्ती. कुत्र्यानं द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट किंवा झायलिटॉल घातलेला साखरविरहित गोड पदार्थ खाल्ला असेल, तर लक्षणांची वाटही पाहू नये. आपली औषधं, विशेषतः वेदनाशामक गोळ्या आणि जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या, डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.

आणखी एक प्रकार असा, की ज्यात माणसं महिनोन्‌महिने खाद्यं बदलत राहतात आणि दोष त्या सगळ्यांच्या माथी मारतात. हा बहुधा तरुण अल्सेशियन असतो. राक्षसासारखा खातो, तरी बरगड्या मोजता येतात. शी ढीगभर, फिकट, तेलकट होते, कधी तो स्वतःचीच शी खातो. त्याच्या स्वादुपिंडात पाचक द्रव्यंच तयार होत नाहीत. रक्ताच्या एका विशिष्ट तपासणीतून हे कळतं आणि जेवणात पाचक द्रव्याची भुकटी मिसळली, बरोबर गरजेप्रमाणे बी-१२ दिलं, की तोच कुत्रा काही आठवड्यांत अंग धरू लागतो. भुकटी बहुधा जन्मभर द्यावी लागते. पण ती मिळाली नाही, तर जगातलं सर्वांत महाग खाद्यही त्याला उपाशीच ठेवतं. घरी जमत नाही, घाण होते, म्हणून अशा कुत्र्यांना दूर नेऊन सोडल्याचीही उदाहरणं आहेत. जंत आणि जिआर्डिया यांच्यासाठी शीची तपासणीही आधीच करून घ्यावी. तिला फारसा खर्च येत नाही.

असं काही नाही, कुत्रा हिंडतो-फिरतो आहे, पाणी पितो आहे, फक्त पोट बिघडलं आहे, तर काय द्यावं? पूर्वी आम्ही चोवीस तास उपाशी ठेवायला सांगत असू. आता तसं सांगत नाही, कारण आतड्याच्या पेशींना आतून मिळणाऱ्या अन्नाचाच आधार असतो. लहान पिल्लाला तर उपाशी ठेवूच नये, त्याच्या रक्तातली साखर उतरते. साधा, चरबी नसलेला आहार थोडा थोडा द्यावा. दहा किलोच्या कुत्र्याचं उदाहरण घेऊ. आजारपणातली त्याची दिवसाची गरज सुमारे ४०० कॅलरींची. कातडी आणि हाडं काढून नुसत्या पाण्यात उकडलेलं १०० ग्रॅम चिकन आणि त्याच्या पावणेदोन-दोनपट मऊ भात एवढ्यात ती भागते. याचे चार वाटे करून दिवसभरात द्यायचे. मीठ, हळद, फोडणी काही नको. शाकाहारी घरात चिकनच्या जागी उकडलेलं अंडं, तेही नको असेल तर साय काढलेल्या दुधाचं घरचं पनीर. मात्र दुधाचाच संशय असेल तर पनीर बाद. दोन-तीन दिवसांत शी घट्ट झाली, की पुढच्या चार-पाच दिवसांत नेहमीच्या खाण्याकडे हळूहळू वळायचं.

कुत्र्याला शीची घाई सारखी होते, पण दर वेळी थोडीशीच, शेंबडासारखी होते, असं असेल तर तक्रार मोठ्या आतड्याची असते. तिथे तंतुमय पदार्थ उपयोगी पडतात. उकडून कुस्करलेला लाल भोपळा किंवा पाण्यात भिजवलेलं इसबगोल, चमचाभरापासून सुरुवात करावी. आपल्या घरातल्या औषधांपैकी कुत्र्यालाही चालणारं हे एक. आणि प्रत्येक साध्या जुलाबाला प्रतिजैविकं मागू नका. २०२४ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत सौम्य आणि मध्यम प्रकारच्या तीव्र जुलाबांत ती देऊ नयेत असं म्हटलं आहे. गोळी मिळाली नाही म्हणून दवाखाना बदलणारे पालक मला ठाऊक आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो.

तीन आठवडे उलटून गेले तरी पोट वारंवार बिघडतं आहे आणि तपासण्यांत काही सापडत नाही, असे कुत्रे मात्र खऱ्या अर्थानं नाजूक पोटाचे. दिलाशाची गोष्ट अशी, की यांतले निम्म्याहून अधिक नुसता आहार बदलल्यावर सुधारतात. पण तो बदल एखाद्या चाचणीसारखा काटेकोर करावा लागतो.

तत्त्व सोपं आहे. ॲलर्जी ही सहसा आधी खाल्लेल्या पदार्थाची असते. म्हणून ज्या पदार्थातलं प्रथिन कुत्र्यानं आजवर चाखलेलं नाही, असा एक पदार्थ निवडायचा आणि त्याच्या जोडीला एकच पिष्टमय पदार्थ. २०१६ मध्ये राल्फ म्युलर आणि सहकाऱ्यांनी अन्नामुळे त्वचेचा त्रास होणाऱ्या २९७ कुत्र्यांच्या नोंदी एकत्र केल्या. त्यात गोमांस ३४ टक्के, दुधाचे पदार्थ १७, चिकन १५ आणि गहू १३ टक्के कुत्र्यांना बाधत होते. ही यादी पाश्चात्त्य ताटलीतून आलेली आहे. तिथे जे सर्वांत जास्त खाऊ घातलं जातं, तेच वर दिसतं. आपल्याकडच्या कुत्र्याच्या बाबतीत संशयाची सुई आधी चिकन, दूध आणि गव्हाच्या पोळीकडे वळवलेली बरी. नाशिकच्या घरातल्या कुत्र्यासाठी काटे काढलेला उकडलेला मासा आणि रताळं ही चांगली जोडी होईल. रत्नागिरीच्या कुत्र्यासाठी मासा हा जन्मापासूनचा घास आहे, त्याला दुसरं काही शोधायला हवं. दुकानात ‘हायड्रोलाइज्ड’ प्रथिनांची खाद्यंही मिळतात. त्यांत प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात, की शरीराची संरक्षक यंत्रणा ती ओळखत नाही. महाग असतात, पण काही आठवड्यांच्या चाचणीपुरती परवडत असतील तर त्यांच्यासारखी सोय नाही.

पोटाच्या तक्रारींत फरक साधारण दोन आठवड्यांत दिसतो. अंगाला खाजही असेल तर आठ आठवडे थांबावं लागतं. या काळात दुसरं काहीही नाही. बिस्किट नाही, पोळीचा तुकडा नाही, चघळायचं हाड नाही. जंताची गोळीसुद्धा मांसाच्या चवीची नसावी. ही चाचणी बिघडते ती घरच्या प्रेमळ माणसांमुळे. एखादी आजी कुत्र्याच्या डोळ्यांकडे पाहून विरघळते आणि दहाव्या दिवशी पोळीला तूप लावून देते. मग सगळं पहिल्यापासून. आजीला रागावून उपयोग नसतो. तिला त्याच्याच जेवणातला एक घास बाजूला काढून द्यावा आणि तो तिनंच भरवावा. वॉचमन, मोलकरीण, शेजारची मुलं यांनाही सांगून ठेवावं आणि फ्रिजवर एक कागद चिकटवावा.

पोट सुधारलं, की लोक तिथेच थांबतात. खरं तर यानंतर एकदा जुनं खाणं परत देऊन पाहायला हवं. काही दिवसांत पोट पुन्हा बिघडलं, तरच दोष खाण्याचा होता असं म्हणता येतं. मग परत नव्या जोडीवर यायचं, पोट स्थिर झालं की एकेक पदार्थ आठवडा-दोन आठवडे देऊन पाहायचा. आठवडा चिकनचा, मग दुधाचा, मग गव्हाचा. त्यातून बाधणारा एखादाच पदार्थ निघतो आणि बाकीचं सगळं परत ताटात येतं. नाहीतर एका पदार्थाच्या भीतीनं कुत्रा जन्मभर मासा आणि रताळ्यावर राहतो.

ते तसं राहणंही धोक्याचंच. घरचं शिजवलेलं मांस-भात चार-आठ दिवस ठीक, पण महिनोन्‌महिने नाही. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. वाढत्या पिल्लाला नुसतं त्यावर ठेवलं तर शरीर हाडांमधून कॅल्शियम काढून घेतं, हाडं ठिसूळ होतात, पाय वाकतात. एका अंड्याच्या टरफलाच्या बारीक पुडीत सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असतं, पण आपल्या कुत्र्याला किती द्यायची आणि बरोबर आणखी काय लागेल, हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं. ज्यांना रोजचं हे मोजमाप जमणार नाही, त्यांनी तयार खाद्य घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात कमीपणा काही नाही.

पाकीट घेताना पुढचं चित्र पाहू नये, मागची बारीक अक्षरं वाचावीत. आहार पूर्ण आणि संतुलित असल्याचं लिहिलं आहे का, तो पिल्लासाठी आहे की मोठ्या कुत्र्यासाठी, ते पाहावं. पुढे ‘लँब अँड राइस’ असं मोठं लिहिलेलं असतं आणि मागे यादीत कोंबडीची चरबी किंवा कोंबडीच्या मांसाची भुकटी दिसते. चिकनपासून पळणाऱ्याला ते कसं चालेल? ‘ग्रेन फ्री’ म्हणजे पोटाला हलकं, अशीही एक समजूत पसरली आहे. बहुतेक कुत्र्यांना धान्याचा काहीच त्रास नसतो. शिवाय अशा खाद्यांत धान्याऐवजी वाटाणा, मसूर यांसारखी कडधान्यं मोठ्या प्रमाणात घालतात. त्यांचा आणि कुत्र्यांच्या एका हृदयविकाराचा काही संबंध आहे का, याचा तपास करत असल्याचं अमेरिकेच्या एफडीएनं जुलै २०१८ मध्ये जाहीर केलं होतं. कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही, पण उगाच जास्त पैसे मोजून तिकडे जाण्याचं कारणही दिसत नाही.

खाद्य ठरलं, की बदल मात्र सावकाश करायचा. पहिले दोन-तीन दिवस नव्याचा एक भाग आणि जुन्याचे तीन, मग निम्मं-निम्मं, मग नव्याचे तीन आणि जुन्याचा एक, असं करत आठ-दहा दिवसांत पूर्ण नव्यावर यायचं. मधेच शी सैल झाली, तर एक पायरी मागे जाऊन दोन दिवस थांबायचं. म्हणून जुनी पिशवी तळाला जाईपर्यंत थांबू नका. त्यात दहा दिवस पुरेल एवढं शिल्लक असतानाच नवी आणून ठेवा.